होळीवरची फळी

आमच्या घरात ‘भंगार’ हा शब्द माझ्या सामानासाठी राखून ठेवलेला होता. दिरांच्या जुन्या सायकलीला दोन्ही चाकं नव्हती, पण तिला सगळे सायकलच म्हणत. सासूबाईंच्या कान उडालेल्या बरण्या ह्या बरण्याच होत्या. मी मात्र किनाऱ्यावरून वल्ह्याचा तुकडा उचलून आणला की दारातच कोणीतरी म्हणणार, आलं भंगार. पहिली काही वर्षं मी समजावून सांगितलं. मग सोडून दिलं. समजावण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक साडी नीट चुणून होते.

माझं काम दुकानांच्या शोकेस लावण्याचं. मी मूळची पावसकडची. मुंबईला मामाकडे राहून जाहिरातकला शिकले आणि दादरच्या एका मोठ्या कापडदुकानात, शोकेस लावणाऱ्या बाईंच्या हाताखाली राबले. त्या बाई फार कडक होत्या आणि त्यांनी मला सगळं शिकवलं. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा इथल्या बाजारात शोकेस म्हणजे काचेमागे रचलेले कापडाचे तागे आणि त्यांवर झोपलेलं मांजर. ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात गेले आणि शेठना म्हटलं, एकदा काच मला द्या, नाही आवडलं तर मांजर परत ठेवा. शेठ हसले आणि त्यांनी काच दिली. मांजर मागच्या गल्लीत गेलं.

काम दिसतं तसं सोपं नाही. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत टाचणी बघता बघता गंजते आणि तिचा डाग रेशमावरून जन्मात जात नाही, म्हणून मी पितळी टाचण्या मुंबईहून मागवत असे. साडी अधांतरी टांगायची तर मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, वापरायचा, तो काचेतून दिसत नाही. दुपारनंतरचं ऊन थेट आत येतं, तेव्हा गडद रंग डावीकडे ठेवायचे नाहीत, महिन्याभरात उडतात. शोकेस आतून लावायची असते आणि बाहेरून बघायची असते, त्यामुळे काचेला वर्तमानपत्रं चिकटवून एक कोपरा उघडा ठेवायचा, आत काहीतरी हलवायचं, बाहेर जाऊन रस्त्यापलीकडून बघायचं, परत आत. दिवसभर हेच. समोरचा पानवाला बसल्या बसल्या सूचना करी, “ताई, डावीकडचा पदर जरा वर.” त्याच्या सूचना बहुतेक चुकीच्या असत.

आता भंगाराबद्दल. साडी नवी असते. नव्या वस्तूशेजारी दुसरी नवी वस्तू ठेवली की दोन्ही निर्जीव दिसतात. साडीच्या शेजारी झिजलेलं काहीतरी लागतं, हाताने नाहीतर पाण्याने झिजलेलं, म्हणजे तिचं नवेपण उठून दिसतं. हे मला दादरच्या बाईंनी सांगितलं नव्हतं, त्या समुद्रावर काही उचलायला जात नव्हत्या. हे मी इथे येऊन शिकले. म्हणून मी उचलत राहिले. लाटांनी गुळगुळीत केलेले बाटल्यांचे तुकडे, जाळी तरंगती ठेवणारे बोये, गंजलेली कडी, मोडलेल्या घराची कोरीव चौकट, तुटकी वल्ही, आंब्याच्या पेट्यांच्या जुन्या फळ्या. गाय विकल्यापासून मागची पडवी रिकामीच होती, तिथे मी हे सगळं लावून ठेवत असे. टाकून नव्हे, लावून. लाकूड एका भिंतीला, लोखंड दुसऱ्या भिंतीला, काच खोक्यात. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. घरातल्या घरात कुलूप कशाला, असं मला वाटे.

ती फळी मला मिरकरवाड्याच्या बाजूला मिळाली. तिथे एक मुसलमान बाई राहत, सगळे त्यांना खाला म्हणत. त्यांचे मालक होडीवाले, ते गेले. मुलगे आखातात. मुलांनी तिकडून निरोप पाठवला की होडी आता मोडून टाका, तशीच पडून कुजतेय. होडी मोडली, लाकूड गेलं, पण नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, एक लांब फळी खालांनी ठेवून घेतली आणि घराच्या भिंतीला टेकवून ठेवली. मी बोये मागायला गेले होते आणि माझी नजर त्या फळीवरून हटेना. दर वर्षी होडीला रंग लावायची रीत, त्यामुळे फळीवर रंगांचे थरच्या थर. वरचा निळा जागोजाग उडालेला, त्याखालून हिरवा, त्याखालून विटकरी लाल, कुठे कुठे पांढरा. कोणी चित्रकार मुद्दाम तसं करू म्हणेल तर जमणार नाही.

मी मागितली. खालांनी फळीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, “कशाला हवी तुला?”

“साड्यांच्या दुकानात काचेत लावणार. लोक बघतील.”

“होडीची फळी साडीच्या दुकानात?” त्या तोंडाला पदर लावून हसल्या. “नेतेस तर ने बाय. पण एक ध्यानात ठेव. आमच्यात होडीचं लाकूड चुलीत घालत नाहीत. हिनं आम्हांला जेवायला घातलंय. तुला नको झाली तर मला परत आणून दे. जाळायची नाय.”

मी हो म्हटलं. एवढंच झालं. कागद नाही, शपथ नाही. मी हो म्हटलं.

त्याच सुमारास शेठ मुंबईला जाऊन आले आणि तिथे त्यांनी पुतळे बघितले. गोरे, उंच, धारदार नाकाचे. एका हातावर साडीचा पदर घेतलेले. परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, “ताई, गिऱ्हाईक साडी बघायला येतं. होड्या आणि कौलं त्याच्या घरी आहेत.”

“म्हणून तर थांबून बघतं.”

“थांबतं, पण आत येतं का? असं करू. शिमग्याला सगळा चाकरमानी गावी येतो. धुळवड झाली की दुसऱ्या दिवशी बायकापोरांना घेऊन बाजारात उतरतो. त्या दिवशी काच चालली तर पुढेही काच तुमची. नाही चालली तर मी पुतळे आणतो. मग साडी नेसवायला काय, कोणीही चालेल.”

ते वाईट बोलले नाहीत, हिशेबी बोलले. मलाही हिशेबी बोलणं कळतं. मी फळी डोळ्यांसमोर धरून सगळी शोकेस बेतली. फळी तिरकी उभी करायची, होडी जशी लाटेवर चढते तशी, आणि तिच्यावर जे रंग होते त्याच रंगांच्या साड्या तिच्यामागून उलगडत न्यायच्या. निळी, हिरवी, विटकरी, शेवटी पांढऱ्यावर जरीकाठ. दुसरं काहीही नाही. त्या फळीवाचून ती शोकेस उभी राहूच शकत नव्हती.

होळीच्या दिवशी सकाळी मी लहान सामान रिक्षात घालून दुकानात नेलं. फळी रिक्षात मावण्यातली नव्हती, ती उन्हं उतरल्यावर हातगाडीने न्यायची ठरवली होती. दुपारी घरी आले, हातपाय धुतले, आणि मागच्या दारी गेले तर पडवी रिकामी. लोखंड होतं, काचेची खोकी होती. लाकूड एकही नाही. जमीन झाडून काढलेली.

आमच्या शिमग्याची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. होळीसाठी आळीतली पोरं लाकडं चोरतात आणि त्याला कोणी चोरी म्हणत नाही. कुंपणाचे वासे, मोडकी खाट, उघड्यावर राहिलेलं फाटक, जे हाताला लागेल ते. लाकूड एकदा होळीच्या ढिगावर पडलं की ते देवाचं. मालकाने मागायचं नाही. मागितलं तर सगळी आळी त्याच्या नावाने बोंब मारते, आणि ते त्याने मनाला लावून घ्यायचं नाही. माझ्या माहेरी आंब्याच्या पेट्यांची फळकुटं दर वर्षी अशी जायची आणि वडील नुसते हसायचे. मला ह्या रितीचं काही वावडं नाही. चोरी झाली असती तर मी चरफडले असते आणि गप्प बसले असते.

पण पोरं शिमग्यात चोरी करतात ती बाहेरची. कडी काढून घरात शिरत नाहीत.

दीर पुढच्या ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. ही शिसवी खुर्ची माझ्या सासऱ्यांची. सासरे गेल्यावर ती दिरांकडे आपोआप आली, कारण त्या वेळी घरात बसून असणारे तेच होते. माझे यजमान कचेरीत जात, मी दुकानात जात असे, दीर आळीचं राजकारण बघत. त्या वर्षी शिमग्याच्या मंडळात त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं.

“भावजी, पडवीतलं लाकूड कुठे गेलं?”

“पोरं आली होती,” त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता सांगितलं.

“कडी कोणी काढली?”

“मी काढली. म्हटलं, या, आत या. चार खेपा केल्या पोरांनी, आहात कुठे? आख्ख्या आळीत आपल्या घरचं लाकूड जास्त. मानाच्या काकांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं.”

“ते लाकूड माझं होतं.”

“वहिनी, ते भंगार होतं. पडवी बघा कशी मोकळी झाली. आईला पण बरं वाटलं.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. “अगो, आता गेलं ते गेलं,” त्या म्हणाल्या. “होळीवरचं मागू नये. घराला लागतं.”

मग यजमान. ते आत पडले होते. मी त्यांना काय झालं ते सांगितलं, खालांना काय कबूल केलं होतं ते सांगितलं, शेठ काय म्हणाले ते तर त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते नेहमी सगळं ऐकून घेत. मग म्हणाले, “लाकूडच ना? दुसरं मिळेल. समुद्र काय आटलाय?”

मला आजवर अनेक गोष्टींचा राग आला आहे आणि बराचसा उतरलाही आहे. त्या वाक्याचा उतरलेला नाही. दिरांनी निदान काहीतरी केलं होतं, स्वतःचं नाव व्हावं म्हणून माझं सामान दिलं होतं. ह्यांना कूस बदलायचीसुद्धा गरज वाटली नाही.

मी पदर खोचला आणि निघाले.

शिमग्यात देवीची पालखी जिथे बसते त्या सहाणेसमोर आमच्या आळीची होळी लागते. मधोमध आंब्याचा उंच सोट उभा केलेला आणि त्याच्याभोवती लाकडं, पेंढा, गवत. माझं सामान मला लांबूनच दिसलं. वल्ही एका बाजूला होती, कोरीव चौकट दोन तुकडे होऊन खाली दडपलेली. आणि फळी दर्शनी बाजूला तिरकी उभी केलेली, सगळ्या रंगांसकट, रस्त्याने येणाऱ्याला पहिली तीच दिसावी अशी. पोरांनी जागा चांगली निवडली होती. मला त्याचाही राग आला.

तिथे पंधरावीस माणसं होती. पोरं, मुंबईहून आलेले काही जण, आणि मानाचे काका. पालखीचा पहिला मान त्यांच्या घराचा, त्यामुळे होळीच्या बाबतीत ते म्हणतील तसं.

“काका, ही फळी मी परत नेणार आहे.”

काकांनी टोपी सारखी केली. “सूनबाई, ढिगावर पडलं ते देवाचं. तुम्हांला का सांगायला हवं?”

“देवाला दिलं कोणी?”

“तुमच्याच घरातनं आलं ना ते.”

“घरातून आलं. पण घराचं नव्हतं. ही फळी मिरकरवाड्याच्या एका बाईच्या होडीची आहे. जाळायची नाही ह्या बोलीवर तिने मला दिली. मी हो म्हटलंय.”

मागून एक पोरगा म्हणाला, “काकी, मग वल्ही पण तिचीच काय?” आणि सगळे हसले.

“वल्ही माझी,” मी म्हटलं. “चौकट माझी. पेट्यांच्या फळ्या माझ्या. ते सगळं जाळा, मी मागत नाही. ही एक माझी नाही.”

त्यावर कोणी हसलं नाही. काका म्हणाले, “उद्या आळीतला जो तो येऊन आपलं आपलं मागायला लागला तर?”

“ज्याने दुसऱ्याचं आणून दिलं असेल त्याने मागावं.”

एवढ्यात दीर आले. मी निघाले तेव्हाच त्यांना कळलं असावं. ते माझ्याशी बोलले नाहीत, काकांशी बोलले. “काका, वहिनींचं मनावर घेऊ नका. त्यांचं दुकानाचं काहीतरी असतं. फळी राहू दे.”

“भावजी,” मी म्हटलं, “एवढी हौस आहे तर आरामखुर्ची आणा. शिसवी आहे. छान जळेल.”

पोरांना हे फार आवडलं. “आणा, आणा,” दोघंतिघं ओरडली. “आम्ही येतो उचलायला.”

दिरांचा चेहरा उतरला. “ती वडिलांची आहे.”

“असं का? म्हणजे वस्तू कोणाची तरी असते तर.”

काकांनी हात वर केला आणि पोरं थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे. “नेत असाल तर न्या,” ते म्हणाले. “अजून पूजा व्हायचीय, नारळ ठेवला नाय, म्हणून सांगतो. पण पोरं तुमच्या नावानं बोंब मारतील. ती अडवायला मी येणार नाय.”

“मारू देत.”

मी ढिगावर चढले. कोणी हात लावला नाही, आडवंही कोणी आलं नाही. फळी माझ्याहून हातभर लांब होती आणि जुनं सागवान किती जड असतं ते ज्याने उचललंय त्यालाच माहीत. एक खिळा तळहातात घुसला, साडीची किनार फाटली. मी फळी खाली ओढली, रस्त्यावर आणली आणि नाक्यावरच्या हातगाडीवाल्याला हाक मारली. तो माझं सामान नेहमी नेत असे. त्याने फळीला चिकटलेलं गवत बघितलं आणि म्हणाला, “ही होळीवरची काय? नाय बाई. दुसरं काय असेल तर सांगा.” आणि गाडी वळवून निघून गेला.

मग मी ती ओढत नेली. एक टोक खांद्यावर, दुसरं रस्त्यावर. डांबरावर तिचा जो आवाज होत होता तो ऐकून लोक घराबाहेर येत होते. ओळखीच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. “काय गो झालं?” एकीने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, काम आहे. खरंच काम होतं.

शेठ दुकान लवकर बंद करत होते. शटर अर्ध्यावर आलं होतं. मला तशी बघून ते तिथेच थांबले. “ताई, ही... तुम्ही होळीवरनं काढून आणलीत?”

“हो.”

“दुकानात आणू नका. सणाचा दिवस आहे. लोक काय म्हणतील?”

“काच परवापर्यंत माझी आहे असं तुम्ही म्हणालात. मग काचेत काय ठेवायचं ते मी ठरवणार.”

ते बघत राहिले. माझ्या हाताला रक्त आलं होतं, ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी शटर वर केलं. फळीला हात मात्र लावला नाही. सगळा बाजार त्या फळीला हात लावायला भीत होता आणि मी भीत नव्हते. त्यात धाडस काही नव्हतं. मला फक्त राग आलेला होता आणि रागात माणसाला बाकी काही सुचत नाही, ही रागाची एक सोय आहे.

संध्याकाळी आमच्या घरासमोर बोंब झाली. होळी पेटवायच्या आधी सगळी पोरं आली, दारासमोर उभी राहिली आणि माझ्या नावाने, मोठ्याने, मन लावून ओरडली. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. यजमानांनी खिडकी लावली. मी दारात उभी राहिले, कारण आत जाऊन बसले असते तर पुढच्या वर्षीही आत जाऊन बसावं लागलं असतं. पोरांचं मला काही वाटलं नाही, रितीप्रमाणे झालं. पण त्या पोरांच्या मागे, तोंडावर हात मारत, आमचे दीर उभे होते. स्वतःच्या घरासमोर, स्वतःच्या वहिनीच्या नावाने. आमची नजरानजर झाली तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. शिमगा आहे, वाईट मानायचं नाही, असं म्हणायची त्यांना सोय होती. रितीचा एवढा चांगला उपयोग करून घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

धुळवडीचा सगळा दिवस मी दुकानात होते. बाहेर माती आणि रंग उडत होते, आत मी तंगूस बांधत होते. हाताला पट्टी होती, त्यामुळे टाचण्या डाव्या हाताने लावल्या. फळी उभी राहिली. साड्या मनासारख्या पडल्या. पांढरी साडी मी आधी ठरवल्यापेक्षा वर घेतली आणि ते बरं झालं. पानवाला सण म्हणून घरी होता, त्यामुळे सूचनाही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं काढली. फळीची बातमी माझ्या आधी बाजारात पोचली होती. लोक येऊन काचेसमोर उभे राहत आणि एकमेकांना दाखवत, हीच ती. सावर्ड्याकडच्या दोन बायका आपापल्या नवऱ्यांना ओढून घेऊन आल्या. एका म्हातारीने पायातल्या वहाणा काढल्या, काचेला हात जोडले आणि तशीच पुढे निघून गेली, त्यावर शेठनी कपाळाला हात लावला. पण मग माणसं आत येऊ लागली. त्या निळ्या रंगाची साडी दाखवा, होडीवरची. ती विटकरी आहे का अजून? शेठ सकाळभर घाबरलेले होते आणि दुपारनंतर ही सगळी कल्पना त्यांचीच होती. गिऱ्हाइकांना ते स्वतः बाहेर आणून फळी दाखवत होते. पुतळ्यांचं नाव निघालं नाही, पुढेही कधी निघालं नाही.

खाला त्याच आठवड्यात आल्या. बरोबर त्यांच्या जावा होत्या. त्या दुकानात आल्या नाहीत, रस्त्यापलीकडे पानवाल्याच्या शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या. मी पलीकडे गेले.

“भांडलीस म्हणे तू,” खाला म्हणाल्या.

“होय.”

“बरं केलंस.” त्या अजून फळीकडेच बघत होत्या. “चांगली दिसते. आमच्या दारात एवढी चांगली दिसत नव्हती.” मग त्यांनी विचारलं, “ही काच काढलीस की ती कुठं ठेवशील? घरी?”

चार खोल्यांचं घर होतं, वर माळा होता, मागे पडवी होती, आणि त्या सगळ्यात एका फळीची हमी मला देता येत नव्हती. खाला काही टोचून बोलल्या नव्हत्या. साधा प्रश्न होता. तो मी स्वतःला आधी विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता, कारण घर माझंही आहे असं मी धरून चालले होते.

मी तशीच रस्ता ओलांडून दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती तरी शेठना म्हटलं, “वरचा माळा मला हवा.”

“माळ्यावर जुने तागे आहेत, ताई.”

“ते काढा.”

“बघू, दिवाळीनंतर...”

“आज. आणि कुलूप हवं. किल्ली माझ्याकडे राहील.”

“अहो, दुकानाची किल्ली बाहेर कशी देऊ?”

“दुकानाची नको. माळ्याची द्या. नाहीतर फळी आत्ता घेऊन जाते. खाला समोर उभ्याच आहेत.”

शेठनी काचेतून पलीकडे बघितलं, मग दुकानातल्या गर्दीकडे. संध्याकाळी तागे खाली आले. कुलूप मी स्वतः विकत आणलं, म्हणजे दुसरी किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्नच नको. शोकेस बदलल्यावर फळी वर नेली आणि खालांना जाऊन सांगितलं की फळी माळ्यावर आहे, केव्हाही बघायला या. त्या त्यानंतर कितीतरी वर्षं दर शिमग्याला येत, माळ्याचा जिना चढत, फळीवरून हात फिरवत आणि खाली येऊन चहा घेत.

घरी ह्या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही. दिरांनी चुकलो म्हटलं नाही. यजमानांनी एकदा विचारलं, अजून राग आहे का, आणि मी हो म्हटल्यावर ते कचेरीत निघून गेले. पडवीत नंतर दिरांनी आपली सायकल नेऊन ठेवली.

पुढच्या वर्षी होळीच्या सकाळी पोरं दारात आली. मी दुकानात जायला निघाले होते. दीर ओटीवर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

“काकी, लाकूड काय आहे काय?” त्यांतल्या मोठ्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला मागचं सगळं आठवतंय.

“आहे की,” मी म्हटलं आणि खुर्चीकडे बोट केलं. “भावजी उठले की घेऊन जा. ढिगावर पडली की देवाची.”

दीर हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि त्यांचं हसू गेलं. पोरं निघून गेली नाहीत. ओटीच्या पायरीवर ओळीने बसली.

मी चपला घातल्या आणि गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा दीर खुर्चीतच होते, ताटही तिथेच मागवलं होतं. पोरांची पाळी बदलली होती, पायरीवर आता दुसरी होती. सासूबाईंनी मला आत बोलावून हळूच म्हटलं, “अगो, सांग ना त्यांना, जा म्हणावं.”

“मी कशी सांगू?” मी म्हटलं. “होळीचं काम आहे. घराला लागेल.”

जेवून मी परत दुकानात गेले. नवी शोकेस लावायची होती. मी घरी पोचले तेव्हा होळी पेटायला आली होती, पोरं गेली होती, आणि दीर अजून खुर्चीतच होते, तिचे दोन्ही हात घट्ट धरून.